अर्बाबच्या आईचा बंब

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या मामीचे. आईवडिलांचे आहेतच, ते मी मोजत नाही. पण वडील बाजार समितीत हमाली करायचे, आई द्राक्षबागांत कामाला जायची आणि आमच्या गावातली शाळा चौथीला संपायची. पुढच्या शाळेसाठी मला तालुक्याच्या गावी मामाकडे पाठवलं, तेव्हा मामाच्या घरी दोन खोल्या आणि दोन मुलं आधीच होती. मामा तहसील कचेरीत शिपाई होते. पण ठरवायचं होतं मामीने. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे. पण बंब याच्याकडं."

बंब म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. माझ्या मुलीला विचारलंत तर ती म्हणेल, आग विझवायची लाल गाडी. मस्कतच्या शाळेतल्या तिच्या मराठीच्या पुस्तकात तसं चित्र आहे. आमचा बंब आग पेटवायचा होता. अंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं उभं पिंप, मधोमध नळी, नळीत विस्तव आणि नळीभोवती पाणी. आमच्या नाशिक जिल्ह्यात थंडी अशी पडते की द्राक्षं वाचवायला बागांमधून शेकोट्या कराव्या लागतात. त्या थंडीत घरात सगळ्यांच्या आधी उठून बंब पेटवायचं काम माझ्याकडे आलं. मामीची दोन्ही मुलं, मोठा दादा धरून, गोधडीत असायची आणि मी मोरीत बाभळीच्या काटक्या मोडत बसलेला असायचो. पाणी तापेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नसायचं, म्हणून मी तिथेच बसून पुस्तक वाचायचो. दहावी झालो ती अशी. पुढे डिप्लोमा, पुढे डिग्री, आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली. मग ओमान.

ही कृतज्ञता मी मनापासून लिहितो आहे. पण त्याच बंबापायी गेल्या हिवाळ्यात माझं डोकं जे फिरलं, तेही लिहून टाकावंसं वाटतं.

मी ओमानमध्ये एसीचं काम करतो. डक्ट, चिलर, कॉम्प्रेसर. इथे आल्यापासून मी फक्त घरं थंड केली आहेत. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, ओमानी आहेत, वयाने माझ्याहून थोडे मोठे, आणि जन्म मस्कतच्या व्यापारात गेल्यामुळे हिंदी झकास बोलतात, फक्त व्याकरण स्वतःचं वापरतात. एकदा दुपारी जेवताना ते आपल्या आईबद्दल सांगत होते. त्यांची आई जबल अख्दरवर राहते. नाव हिरव्या डोंगराचं असलं तरी हिवाळ्यात तिथे पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरते. खाली मस्कतमध्ये लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात आणि वर म्हातारी दोन शालींत. मुलांनी तिच्या खोलीत गरम हवेचा एसी बसवला. तो मीच निवडला होता. ती तो बंद करायची आणि लोखंडी परातीत लाकडं पेटवून दार लावून घ्यायची. आदल्या हिवाळ्यात त्या धुराने तिची छाती अशी भरली की तिला डोंगराखाली, निझवा शहराच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, खोलीत धूर नको म्हणजे नको. त्यावर मुलांनी ठरवलं की थंडीचे महिने आईने खाली, मस्कतजवळ अल अमेरातच्या बंगल्यात राहायचं.

"वो बोलता, नीचे लेके जाएगा तो मैं मर जाएगा," अर्बाब म्हणाले. "आग के बिना नहीं रहता. धुएँ के साथ हम रहने नहीं देगा. मुश्किल."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी डब्यातली भाकरी मोडत सहज म्हणालो, "अर्बाब, हमारे घर में लकड़ी का बंब था. मैं ही जलाता था. धुआँ सीधा ऊपर जाता था."

"तुम जलाता था?"

"हाँ."

"खलास! तुम करेगा."

त्या दिवसापासून ओमानमधल्या एका म्हातारीने हिवाळ्यात आपल्या घरात राहायचं की मुलाच्या बंगल्यात, हे माझ्या गळ्यात पडलं. मी थंड करणारा माणूस. लाकडावर घर गरम करायची भट्टी मी आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती. आमच्याकडे माणूस गरम करायची पद्धत आहे. शेकोटी असते, शेगडी असते, गोधडी असते. घर गरम करायचं असतं ही कल्पनाच मामीला सांगितली असती तर ती म्हणाली असती, "भिंतींना काय हुडहुडी भरली का?"

पण काम घेतलं तर नीट करायचं, ही सवय. मी वाचायला बसलो. चांगल्या लाकडी भट्टीचं एक साधं तत्त्व आहे: धूर म्हणजे न जळलेलं सरपण. साध्या चुलीत तो तसाच निघून जातो. चांगल्या भट्टीत ज्वाळेच्या वरच्या बाजूला बारीक भोकांतून तापलेली हवा सोडतात आणि तिथे धूरच पेटतो. लाकूड कमी लागतं, ऊब जास्त मिळते आणि धुराड्यातून जवळजवळ काही दिसत नाही. मात्र त्यासाठी आग मोकळी, जोरात जळायला हवी. भट्टी खोलीच्या मानाने मोठी घेतली तर खोलीचा तंदूर होतो. मग माणसं हवा बंद करून आग दाबतात, आणि दाबलेली आग नुसती धुमसते. मग काचेवर काजळी, धुराड्यात डांबर आणि खोलीत धूर. म्हणजे छोटी भट्टी, कोरडं लाकूड, सरळ उंच धुराडं. विषय एवढाच आहे. शाळेतल्या मुलाला कळेल.

तो मी पुढचे दोन महिने प्रौढ माणसांना समजावत होतो.

आधी खोली बघायला अर्बाबबरोबर डोंगरावर गेलो. दगडी घर, जाड भिंती, खाली डाळिंबाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा. मी टेप काढून मापं घेतली. म्हातारी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. छोटीशी बाई, हातात खोकल्याचा रुमाल, आणि कोपऱ्यात ती काळी परात, मुलांनी नेऊ नये म्हणून तिच्यावर उशी ठेवलेली. ती अरबीत काहीतरी बोलली. अर्बाब हसले.

"पूछता है, ये एसी वाला हिंदी है ना? इसने हवा वाला मशीन दिया. हवा से हड्डी गरम नहीं होता." हिंदी म्हणजे इथे भारतीय माणूस.

"उनको बोलो, मैं माफी माँगने आया," मी म्हणालो.

हे ऐकून तिला बरं वाटलं असावं. तिने अटी सांगितल्या. पहिली, आग दिसली पाहिजे. दुसरी, वर कॉफीची किटली ठेवता आली पाहिजे. तिसरी, पेटवणार ती स्वतः. अर्बाब म्हणाले, बाई ठेवली आहे ना कामाला, ती पेटवेल. म्हातारीने हात असा झटकला की अर्बाब, ज्यांच्यापुढे आमचे साइटवरचे फोरमन चळचळा कापतात, ते जमिनीकडे बघायला लागले.

मला तिन्ही अटी पटल्या. दाराला काच, वरून सपाट ओतीव बीड, दाराची मूठ म्हाताऱ्या हाताला जमेल अशी. एवढ्या स्पष्ट गरजा मला आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने सांगितल्या नाहीत.

भट्ट्या मस्कतमध्ये मिळत नाहीत, कोण घेणार? पण मस्कतच्याच रुवी भागात माझ्या ओळखीचे एक भाई आहेत, रत्नागिरीकडचे, हॉटेलच्या भट्ट्या, चिमण्या, पत्र्याचं काम असा व्यापार करतात आणि तुर्कस्तानातून माल आणतात. मी दुकानात जाऊन सांगितलं तर ते हसून हसून खुर्चीत मागे गेले.

"अवो साहेब, तुमी एसीवाले. तुमचा धंदा बसला काय?"

"भाई, थट्टा नको. छोटी पाहिजे. सहा किलोवॉटच्या वर नको."

"सहा? तेवढ्यात कोंबडी पण भाजायची नाय. तुमच्या अर्बाबाला मी सांगू, हिंदीनं तुमच्या आईसाठी खेळणं आणलान?"

"तेच सांगू नका."

"बघा हां. तुमी घाटावरचे, थंडी तुमाला कळते. आमाला कोकणात नुसता घाम." मग त्यांनी कॅटलॉग काढला. मी जी दाखवली ती त्यांनी बघितली आणि पान उलटून मोठी दाखवली. मी परत मागचं पान काढलं. त्यांनी परत उलटलं. असं आम्ही चहा येईपर्यंत करत होतो.

अर्बाबचं वेगळंच. "मेरा माँ है. छोटा लेगा तो लोग क्या बोलेगा?"

"अर्बाब, कमरा छोटा है."

"कमरा छोटा है, माँ बड़ा है."

मी तक्ता काढला, भिंतींची जाडी मांडली, किती ऊब बाहेर जाते ते दाखवलं. ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "इन्शाल्ला, देखेंगे." ओमानमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला या दोन शब्दांचा अर्थ कळतो. कुणीतरी काहीतरी आधीच ठरवलेलं असतं.

ठरवलं होतं अर्बाबच्या धाकट्या भावाने. तो दुबईला जाऊन एक अजस्र भट्टी घेऊन आला. दोन काचेची दारं, बाजूने दगडी नक्षी, चार माणसांनी उचलायची. वरचा भाग उतरता, म्हणजे किटली ठेवली तर घसरून मांडीवर. आणि धुराडं? त्यांच्या आजोबांनी घातलेल्या छताला भोक पाडायचं नाही म्हणून गवंड्याने पाइप दोनदा वाकवून खिडकीतून बाहेर काढला होता. सरपण म्हणून बांधकामावरची रंग लावलेली लाकडं. हे सगळं मला कधी कळलं? बसवून झाल्यावर. मला उद्‌घाटनाला बोलावलं होतं.

"कैसा है, इंजिनियर?" धाकट्याने विचारलं.

"पाइप कुणी वाकवला?"

"पाइप छोड़ो. भट्टी देखो."

"भट्टी दिसते आहे हो, खोलीत दुसरं काही दिसतच नाही," मी मराठीत म्हणालो. रागात मला हिंदी सुचत नाही.

त्याने पेटवली. धूर पाइपातून वर गेला, पहिल्या वळणावर थांबला, विचार केला आणि परत खोलीत आला. रंग जळाल्याचा असा वास सुटला की सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. म्हातारीला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. तिला उचलून बाहेर डाळिंबाखाली नेऊन बसवलं. धाकटा अर्बाबना म्हणाला, आणि तेवढं अरबी मला कळतं: बस झालं, आई खाली येते आहे. म्हातारी खोकत होती, बोलू शकत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला फार राग आला होता, आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं. ज्या माणसाने माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं, त्याच्या भट्टीमुळे लाकडाची भट्टीच वाईट ठरली होती आणि शिक्षा म्हातारीला.

मी अर्बाबना बाजूला घेतलं. "एक बार मेरा तरीका करने दो. नहीं हुआ तो मैं खुद आपकी माँ का सामान गाड़ी में रखूँगा."

नोकरीत असं बोलायचं नसतं. अर्बाब म्हणाले, "छत?"

छताचा प्रश्न खराच होता. लाकडी वासे, वर मातीचा थर; भोक पाडलं तर पावसात गळणार, आणि तापलेला पाइप लाकडाला लागून चालणार नाही. त्यावर दुपदरी, मध्ये कापूस भरल्यासारखं अस्तर असलेलं धुराडं असतं. लोक भट्टी हौसेने बघतात, धुराडं कुणी बघत नाही. खरं काम तेच करतं. मी हे समजावत असताना डाळिंबाखालून, खोकला जरा ओसरलेल्या म्हातारीचा आवाज आला. एकच वाक्य. दोघे भाऊ तिच्याकडे वळले.

"क्या बोला?"

अर्बाबनी सुस्कारा सोडला. "बोलता है, छत मेरे बाप का है. मैं बोलता, छेद करो."

भाईंकडे छोटी भट्टी मागवली. बिडाची, सपाट डोक्याची, एका काचेची. धुराड्याचे तुकडे त्यांनी स्वतः निवडून दिले आणि पोचवायलाही स्वतः आले, कारण, म्हणाले, "मला बघायचा हाय हा तमाशा." त्यांच्या फोर बाय फोर पिकअपमध्ये मागे ताडपत्रीखाली भट्टी आणि पुढे आम्ही दोघं. डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी लागते. साध्या गाड्या वर सोडत नाहीत. पोलिसाने ताडपत्रीकडे बोट दाखवलं. हे काय?

अरबी शब्द मला आठवेना. माझ्या तोंडून काही निघायच्या आत भाई खिडकीतून वाकून मोठ्या उत्साहाने म्हणाले, "बंब है साब, बंब! बहोत गरम करता है!"

हा शब्द त्यांना मीच दिला होता. दोन महिने आम्ही फोनवर बंब, बंब असंच म्हणत होतो.

पोलिसाचा चेहरा बदलला. "बॉम्ब?"

"नो, नो सर!" मी घाईघाईने म्हणालो. "हीटर! फायर! वुड, फायर!"

"फायर?"

"अवो गप ऱ्हावा तुमी," भाई दातओठ खात म्हणाले, "दोघांना आत घालशीला."

उतरवलं. ताडपत्री सोडायला लावली. पोलीस भट्टीभोवती फिरला, दार उघडून आत डोकावला, बोटाच्या पेराने बिडावर टकटक केलं. कुणाच्या घरी? मी अर्बाबच्या आईचं सांगितलं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. तो त्याच डोंगरावरच्या गावचा निघाला. तिचा खोकला कसा आहे, ती खाली जाणार हे खरं का, असं त्याने विचारलं. मग भट्टीकडे परत एकदा पाहिलं आणि गाडी सोडता सोडता इंग्रजीत म्हणाला, "टू स्मॉल."

भाई पुढचा अख्खा घाट हसत होते.

दुबईची भट्टी आधीच बाहेर काढून ठेवली होती, तरी बसवायला वेळ लागला. छतातून धुराडं सरळ वर, वाशांपासून दूर, वर पत्र्याची टोपी, भोवती पाणी शिरू नये म्हणून पत्र्याची कड. भट्टीच्या मागे दगडाची भिंत आयतीच होती. ती तापून मग हळूहळू ऊब देणार होती. सरपण मी रस्त्याकडेला विकतात ते कोरडं समर आणलं. समर म्हणजे आपल्या बाभळीचीच जात. काटे तेच, साल तीच. ते फोडताना माझ्या हातांना काही शिकवावं लागलं नाही. डोंगरावरच्या झाडांना हात लावायचा नाही, तो गुन्हा आहे, हे धाकट्याला मी तीनतीनदा बजावलं.

सगळं जमल्यावर घरचे जमले. धाकटा दाराला टेकून उभा, हाताची घडी. आईची बॅग त्याने आधीच भरून ओसरीवर ठेवली होती. म्हातारी जमिनीवर बसून स्वतः पेटवू लागली. काटक्या रचल्या त्या सुरेख, माझ्याहून चांगल्या. काडी लावली. ज्वाळा उठली आणि पाठोपाठ धुराचा एक लोट दारातून थेट तिच्या तोंडावर आला. ती खोकली.

"देखा?" धाकटा म्हणाला. तो बॅगेकडे वळलासुद्धा.

त्या क्षणी मला किलोवॉट आठवले नाहीत. मला मोरी आठवली. तांब्याची गार नळी, तिच्यात अडकलेली रात्रभरची थंड हवा, आणि मागून मामीचा आवाज: "काय बघू ऱ्हायला? आधी नळीला जाग आण!" बंब पेटवताना खाली विस्तव घालायच्या आधी कागदाचा बोळा पेटवून नळीत वर धरायचा, म्हणजे आतली गार हवा निघून जाते आणि धूर वर ओढला जातो. पुस्तकात याला नाव आहे, ते मी वाचलंही होतं. डोंगरावरच्या थंडीत नवं कोरं उंच धुराडं. ते आमच्या नळीसारखंच गार पडलेलं होतं, आणि दोन महिने लोकांना शहाणपण शिकवणारा मी हे विसरून नुसता उभा होतो.

"एक मिनिट! यल्ला, कागज! कागज दो!" मी ओरडलो. भाईंनी भट्टीच्या पेटीतला पुठ्ठा फाडून दिला. मी दार लावून ज्वाळा विझू दिली, मग पुठ्ठ्याची सुरळी पेटवून आत हात घालून धुराड्याच्या तोंडाशी धरली. हात भाजत होता. थोड्या वेळाने सुरळीची ज्वाळा, जी सरळ उभी होती, ती वर खेचली गेली आणि धुराड्यातून घशात घोट उतरावा तसा आवाज झाला.

"अब जलाओ," मी म्हातारीला म्हणालो. ते तिला भाषांतर न करता कळलं.

तिने पेटवली. धूर आला नाही. समरने पेट घेतला, आणि थोड्या वेळाने काचेच्या आत, लाकडांच्या वर, जिथे नुसता धूर असायला हवा तिथे निळसर ज्वाळा तरंगायला लागल्या. धूर जळत होता. मी भाईंना हाताला धरून बाहेर नेलं आणि धुराड्याच्या टोपीकडे बोट दाखवलं. हवा नुसती थरथरत होती, बाकी काही नाही.

"मानला," भाई म्हणाले. मग लगेच, "पण मोठी घेतली असती तर अजून कमी दिसला असता."

मी त्यांना तसंच परत आत नेलं.

आत आलो तर किटली चढली होती. खोलीला ऊब यायला लागली होती, अंगाला गुदमरवणारी नव्हे, भिंतीतून येणारी. म्हातारीने पायावरची शाल काढून बाजूला ठेवली. धाकट्याने थोडा वेळ वाट पाहिली, दोन कप कॉफी प्यायला, मग ओसरीवर जाऊन बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परात मात्र त्याने गाडीत टाकली. म्हातारीने ते पाहिलं आणि किटली जरा पुढे सरकवली.

ती हिवाळाभर वरच राहिली. तिला सकाळी भेटायला गेलं तर ती नेहमी एकटीच काचेपुढे बसलेली असते, असं अर्बाब सांगतात. कामाच्या बाईला ती सूर्य चढेपर्यंत खोलीत येऊ देत नाही. "उस टाइम वो किसी का नहीं सुनता. बोलता है, ये मेरा टाइम," ते जरा वैतागून म्हणाले. हे ऐकून मी घरी आलो आणि मामीला पत्र लिहिलं. तिला आता ऐकू येत नाही, फोनवर नुसतं "हॅलो, हॅलो, कोण बोलू ऱ्हायलं" चालतं. पण चष्मा लावून वाचते अजून. ते पत्र असं:

"ती. मामीस, सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहोत. तुझी नात तुला मराठीत पत्र लिहिणार आहे म्हणते, दोन ओळी झाल्यात, तिसरीसाठी शब्द शोधते आहे.

दादाचा फोन आला होता. तू आता पुण्याला त्यांच्या फ्लॅटवर राहायला जावंस असं तुझ्या दोन्ही मुलांच्या मनात आहे, आणि घर रिकामं करताना बंब मोडीत द्यायचा म्हणतात. तू रुसून जेवली नाहीस हेही कळलं. दोघं तुझ्या काळजीनेच म्हणतात, मला माहीत आहे. तरी मी दादाला फोनवर बोललो ते असं की आता तो माझ्याशी बोलत नाही.

मामी, मी इथे एका म्हातारीच्या घरी बंब बसवला. पाण्याचा नाही, खोलीचा. पेटेना, तेव्हा तुझं 'नळीला जाग आण' आठवलं म्हणून निभावलं. हात भाजला, तू असतीस तर आधी शिवी दिली असतीस आणि मग तूप लावलं असतंस.

ती म्हातारी पहाटेचा तो वेळ कुणाला देत नाही. तिच्यामुळे मला एक विचारायचं आहे, ते आजपर्यंत विचारलं नाही. मी आलो त्याच्या आधी बंब तू स्वतः पेटवायचीस. तो मला दिलास तेव्हा मला वाटलं, परक्या पोराला कामाला लावलं. पण त्या दोन खोल्यांत निवांत बसायला, उजेडाला आणि उबेला तेवढीच एक जागा होती, आणि तेवढाच वेळ. तो तुझा होता ना? खरं सांग.

मोडवाल्याला हात लावू देऊ नकोस. पुण्याला जायचं की नाही ते तू ठरव, मी कुणाच्या बाजूने बोलणार नाही. पण बंब घरातच राहील असं मी दादाला कळवलं आहे. मी मे महिन्यात येतो. तेव्हा थंडी नसेल, सगळे हसतील, हसू देत. पहाटे मी पेटवतो. तू मोरीच्या दाराशी पाट घेऊन बस आणि मी काटक्या चुकीच्या रचतो म्हणून ओरड.

तुझा भाचा."